प्रार्थनेत ठेवू

आमच्या चर्चच्या मंडळीत 'नाही' हा शब्द फारसा वापरात नव्हता. त्याऐवजी 'प्रार्थनेत ठेवू' म्हणत. कुणी मुलीसाठी स्थळ सुचवलं, कुणी संडेस्कूल चालवायची गळ घातली, की समोरचा माणूस डोळे किंचित मिटून म्हणायचा, "प्रार्थनेत ठेवू." विचारणारा काय ते समजायचा आणि पुढचं दार गाठायचा. यात कुणालाच राग येत नसे, कारण नकार माणसाने दिलेलाच नसे.

माझे पप्पा या कलेतले वस्ताद. शरणपूरला आमचं दोन खोल्यांचं घर होतं आणि त्यात मम्मी, पप्पा आणि मी अशी तिघंच. पप्पा सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि पाळकसाहेब गावाला गेले की रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचे. मम्मी चर्चच्याच संस्थेच्या शाळेत शिक्षिका होती. तिने फ्रीजचा विषय काढला तेव्हा तो प्रार्थनेत ठेवला गेला आणि मी पाचवीतून आठवीत गेले तरी तिथेच राहिला. स्कूटर कधी प्रार्थनेत ठेवल्याचं मात्र मला आठवत नाही. एका शनिवारी ती दारात उभी होती आणि पप्पा तिच्याबद्दल देवाचे उपकार मानत होते. "फ्रीज प्रार्थनेत आणि स्कूटर अंगणात," मम्मी भांडी घासताना म्हणाली, पण ते भांड्यांना उद्देशून.

थेट एकमेकांशी बोलायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. जे काय बोलायचं ते संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत. चटईवर बसायचं, एक अध्याय वाचायचा, मग आधी मी, नंतर मम्मी आणि शेवटी पप्पा प्रार्थना करणार. म्हणजे शेवटचा शब्द पप्पांचा. "हे दयाळू बापा, या घरात कुणीतरी न्हाणीघरातला दिवा दिवसभर जळत ठेवतं, त्या व्यक्तीला सुबुद्धी दे." मम्मीला उत्तर द्यायला दुसऱ्या संध्याकाळपर्यंत थांबावं लागे. मग तीही डोळे मिटून, अगदी मऊ आवाजात, "हे प्रभो, जे ओला टॉवेल पलंगावर टाकतात त्यांच्यावरही दया कर." मध्ये बोलायची कुणाची टाप नव्हती. देवाशी चाललेलं बोलणं कसं तोडणार? उलट प्रत्येकाचं संपलं की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. पप्पांचं आमेन सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांच्या आधी. चर्चमध्ये तर पाळकसाहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते पडायचं. त्या आमेनचा त्यांना अभिमान होता आणि मंडळीतल्या बायकाही कौतुक करायच्या. माझी मम्मी सोडून.

मी नववीत होते त्या वर्षी नाताळ संपला आणि मम्मीला संस्थेकडून विचारणा झाली. सटाण्याच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या. जूनपासून तू जाशील का? विचार करून ईस्टर झाला की कळव. मम्मी त्या दिवशी घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात शिरली, इतकी ती हरखली होती. आजवर तिने कितीतरी हेडमास्तर पाहिले होते. एकाला शाळेच्या बागेपलीकडे काही दिसत नसे, दुसऱ्याला घड्याळापलीकडे. त्यांची भाषणंही तिनेच लिहून दिली होती. "मला एकदा शाळा माझ्या हातांनी चालवून बघायचीय गं," ती मला म्हणाली. तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे किंचित मिटले आणि म्हणाले, "प्रार्थनेत ठेवू."

मम्मीचा चेहरा पडला. मला तर फ्रीजच आठवला.

मग वचनांची लढाई सुरू झाली. अध्याय निवडायचा मान पप्पांचा. त्यांनी नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय काढला, सद्‌गुणी स्त्रीचा, जी पहाटे उठून घरादाराला जेवू घालते. तो त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावला आणि 'घर' हा शब्द आला की खाकरले. मम्मी शांतपणे ऐकत होती. तिची पाळी आली तेव्हा तिने त्या स्त्रीबद्दल देवाचे मनापासून आभार मानले. "प्रभो, ती शेत विकत घेते, द्राक्षमळा लावते, बाजारात माल देते. तिचा नवरा वेशीत बसून असतो, एवढंच त्याच्याबद्दल लिहिलंय. असा नवरा सगळ्यांना दे." मी नाक दाबून हसू आवरलं. पप्पांनी त्यानंतर तो अध्याय कधी काढला नाही. पुढे मोशे आला, अब्राहाम आला, योना आला. योना सांगितल्या गावाला गेला नाही म्हणून त्याला माशाने गिळलं, हे पप्पांच्या फार उशिरा लक्षात आलं.

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासाचा काळ, संपत आला तरी विषय प्रार्थनेतच. मम्मी वरवर गप्प होती, पण पोळ्या जाड होऊ लागल्या होत्या. तिला रडताना मी एकदाच पाहिलं, कपाटाच्या दाराआड, नेसायची साडी हातात धरून. तेव्हा मला पप्पांचा भयंकर राग आला आणि देवाचाही आला. दोघांपैकी कुणीतरी एकाने तरी सरळ 'नाही' म्हणून टाकावं, असं वाटलं.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात गृहसभा आमच्या घरी होती. गृहसभा म्हणजे मंडळीतल्या लोकांनी एकेकाच्या घरी जमायचं, गीतं म्हणायची, वचन ऐकायचं आणि शेवटी चहा-पोहे. त्या दिवशी आमच्या बाहेरच्या खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. वचन पप्पांनीच सांगायचं होतं आणि विषय होता विश्वास. पप्पा रंगात आले. मागायचं ते शंका न धरता मागा, म्हणाले. मागून झालं की मिळालंच आहे असं धरून चाला आणि लगेच उपकार माना. मिळाल्यावर कुणीही उपकार मानील, त्यात काय विश्वास आला? सगळे माना डोलवत होते. पाळकसाहेबांनी तर दोनदा 'वा!' म्हटलं.

उपदेशानंतर साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याला वाटेल त्याने उठून सांगायचं. मम्मी कधीच उठत नसे. त्या दिवशी तिने पदर डोक्यावर घेतला आणि उठली.

"मी देवाचे उपकार मानते," ती म्हणाली, "की मला सटाण्याच्या शाळेची मुख्याध्यापिका म्हणून जायचंय आणि त्याने माझ्या मालकांचं मन वळवलंय. ते स्वतः मला पोचवायला स्टँडवर येणार आहेत. घरचं आणि लेकीचं ते बघणार आहेत. देवाची स्तुती असो."

"आमेन!"

सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांच्या आधी. पप्पांचंच.

ते तोंडातून गेल्यावर आपण काय केलं हे त्यांना कळलं. पण तोवर हालेलुया सुरू झालं होतं. पाळकसाहेबांनी उठून त्यांना मिठी मारली, असे पती मंडळीत हवेत म्हणाले आणि या बंधूला स्वयंपाकघरात सामर्थ्य मिळो अशी तिथल्या तिथे प्रार्थनाही केली. पप्पांची अवस्था आपलेच दात आणि आपलेच ओठ अशी. माझ्या बायकोने थाप मारली असं तीस माणसांपुढे कसं सांगणार? आणि ती थाप म्हणावी, तर पाच मिनिटांपूर्वीचा उपदेश काय होता?

माणसं गेल्यावर मम्मी कप गोळा करत होती. पप्पा म्हणाले, "हे काय केलंस तू?"

"विश्वासाने बोलले," ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी तिने संस्थेला होकार कळवला.

जूनपर्यंत पप्पांनी प्रार्थना अगदी आटोपशीर केल्या. रुसलेल्या माणसाने जेवावं तशा. वरणभात करायला शिकले, तोही रुसूनच. मला वाटे, त्यांचा मान दुखावलाय. बायको हेडबाई आणि आपण स्टोअरकीपर, याचं त्यांना लागलंय. खरं सांगायचं तर मला त्याचा आनंदच होत होता.

मम्मी निघाली त्या दिवशी आम्ही तिघं सीबीएसच्या बसस्टँडवर गेलो. पप्पांनी ट्रंक उचलून बसमध्ये ठेवली, वळकटी ठेवली, पाण्याची बाटली दिली. मम्मी खिडकीशी बसली. शेजारी सटाण्याकडची एक म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पाळकसाहेब आले नव्हते, मंडळीतलं कुणीच नव्हतं. आता पप्पा प्रवासाची प्रार्थना सुरू करतील म्हणून मी सवयीने डोळे मिटले.

प्रार्थना झाली नाही. मी डोळे उघडले तर पप्पा खिडकीचा गज धरून थेट मम्मीकडे बघत होते.

"तू गेलीस की मला घरात करमणार नाही," ते म्हणाले. "म्हणून मी ते... जाऊ नको असं नाही म्हणत. जा तू. शाळा चांगली चालव. पण मला करमणार नाही."

लग्नाला सोळा वर्षं झालेली बाई नवऱ्याचं पहिलंच वाक्य ऐकत असावी, तशी मम्मी दिसत होती. त्या माणसाचा मी इतके दिवस राग केला होता, आणि त्याला नुसतं एकटं राहायची भीती वाटत होती.

"हे एवढंच होतं?" मम्मी म्हणाली. "मग जानेवारीपासून त्या देवाला का दमवलंत? मला सांगायचं ना!"

पप्पांनी बाहीने डोळे पुसले. म्हातारीने मम्मीला कोपराने ढोसलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाई, तुमना मालक रडी ऱ्हायना!"

सगळी बस खिडकीकडे वळली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली. मम्मीने खिडकीतून हात बाहेर काढून पप्पांच्या हातावर ठेवला. चारचौघांत तिने असं कधी केलं नव्हतं.

"पंधरा दिवसांनी येणार होते," ती म्हणाली. "असं बोलणार असाल, तर दर शनिवारी येईन."