थांबवून ठेवलेली चोळी

माझी बायको गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं दारात बसून मेथी निवडत होतो. मी देठ जास्त ठेवतो म्हणून ती माझी जुडी परत निवडत होती. "एवढी वर्सं चोर धरलं, पण भाजी काय निवडाय जमली न्हाय," म्हणाली. भाकरी-भाजी खाऊन झोपली, ती उठलीच नाही. त्याला आता चार महिने झाले. पोरी म्हणतात, बाबा, भिंतीकडं बघत बसू नका, काहीतरी लिहा. मी सातवी पास माणूस. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो. लिहिणं म्हणजे जबाब आणि पंचनामा. तेव्हा तसंच लिहितो. सगळ्या नोकरीत एकच केस अशी, जिच्यात ती माझ्याबरोबर होती. ती दुपार माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही.

दोन हजार सालाच्या पुढची गोष्ट. मे महिना. मी हवालदार होतो आणि ठाणे अंमलदार म्हणून टेबलावर बसलो होतो. सकाळी साडेदहाला एक माणूस आत आला. गगनबावड्याकडचा, डोंगरातला. काखेत करवंदांची पाटी.

"काय पावणं, इकाय आला काय हितं?"

"न्हाय साहेब. भैनीला आणल्यात. भैन घरात न्हाय."

"मग येईल की. बाजारला गेली असंल."

"सासू म्हणती, माहेरी गेली. माहेर म्हंजे मीच हाय, आनि मी तर हितं हुबा हाय."

पेन खाली ठेवलं. असं सरळ बोलणारा माणूस ठाण्यात महिन्यातून एकदा येतो.

त्याची बहीण कसबा बावड्याला दिलेली. घर उसाचं, बऱ्यापैकी. पहिली मुलगी, आणि आता पाचवा महिना. चार दिवसांपूर्वी तिनं गावातल्या दुकानात फोन करून निरोप ठेवला होता: मशीनवर बघितलंय, दादाला म्हणावं न्यायला ये. मशीन म्हणजे सोनोग्राफीचं. निरोप त्याला उशिरा मिळाला.

"पाडाय नेलंय साहेब तिला. माझं मन सांगतंय."

"मनावर गुन्हा दाखल होत न्हाय."

त्यानं पाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "माझी बायकू दोन सालामागं बाळातपणात गेली. वार खाली आलीवती, बाळाच्या वाटंवर. डाक्टर म्हणला, आधी मशीनवर बघितलं असतं तर कळलं असतं. आमच्या डोंगरात कुठलं मशीन? यष्टी दिवसातनं दोनदा. आनि हितं भैनीच्या दारात मोटारीतनं मशीन येतंय, ते कशाला, तर पोरगं का पोरगी बघाय."

मी साहेबांकडं गेलो. साहेब नवे होते, कायद्याचे पक्के. "हवालदार, गर्भलिंग तपासणीचा कायदा सरकारी डॉक्टरांनी चालवायचा. तक्रार त्यांनी करायची. आपण मिसिंग घ्या." त्यांचं चूक नव्हतं. मी डायरीला नोंद केली, सरकारी डॉक्टरला फोन लावला, आणि सासूला आणायला जीप पाठवली. नवरा घरात सापडला नाही. बायको माहेरी आणि नवरा पण गायब, म्हणजे दोघं एकाच ठिकाणी असणार.

सासू साठीची. ठसठशीत कुंकू, आवाज खणखणीत. बाईमाणसाची चौकशी बाईसमोर करायची. आमच्याकडं महिला शिपाई एकच, ती नृसिंहवाडीला बंदोबस्तावर. साहेब म्हणाले, पंच म्हणून एखादी बाई बघा. ठाण्यामागंच पोलीस लाईन, तिथं आमची खोली. मी बायकोला हाक मारली. हात पदराला पुसत आली. "मी बसतो की जवळ. बोलायचं न्हाय न्हवं?" म्हणाली.

"बोलायचं न्हाय."

पहिला तास गेला. सासू एक अक्षर सोडेना.

"भांडून गेली, मी काय तिला बांधून ठेवू? आमच्यात नात काय नि नातू काय, सारखंच."

"मशीनवर कुठं बघितलं?"

"कसलं मशीन? आमची चार बाळातपणं गोठ्यात झाली."

मी टेबलावर काठी आपटली. ती हसली. म्हातारी बाई काठीला भीत नाही, हे मला तोवर कळायला हवं होतं. घड्याळात साडेबारा. बाहेर बाकावर भाऊ बसलेला. दर थोड्या वेळानं तो उठून आत बघायचा. मला कळत होतं, इकडं मी कागद रंगवतोय आणि तिकडं कुठंतरी त्या पोरीला टेबलावर घेत असतील. घामानं हाताखालचा कागद ओला झाला होता.

मी पाणी प्यायला उठलो. तेवढ्यात बायकोनं चहाचा कप सासूच्या हातात दिला आणि बोलली.

"मावशी, थोरल्या नातीच्या येळेला सुनंला चोरचोळी कवा घातलीवती?"

चोरचोळी म्हणजे गावाला कळायच्या आधी, तिसऱ्या महिन्यात, सासू सुनेला गुपचूप घालते ती चोळी.

"तिसऱ्यात. खणाची, हिरवी. आम्ही रीत सोडत न्हाय."

"आनि आता?"

सासूनं कप तोंडाला लावला.

"आता पाचवा हाय न्हवं मावशी? रीत सोडत न्हाय म्हणताय. मग चोळी?"

"आणून ठेवलीया की. ट्रंकंत हाय."

"मग घातली का न्हाय?"

"बघून मग घालायची म्हणून..." आणि तिनं जीभ चावली.

मी जागेवर वळलो. बायकोनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती सासूचा हात धरून बोलत होती, अगदी हळू.

"मला ठावं हाय मावशी. माझीबी अशीच थांबवलीवती. तिसऱ्या येळंला. घातलीच न्हाय मग."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. आम्हाला दोन पोरी. तिसऱ्या खेपेला, नव्वद सालाच्या जवळपास, मी गणपती बंदोबस्तावर होतो. तेव्हा तर बोर्ड लावून तपासायचे. परत आलो तर बायको झोपून, आणि आई म्हणाली, "गेलं पोटातलं, नशीब." मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी परत ड्युटी. चौकशी हा माझा धंदा, आणि मी घरात एक प्रश्न विचारला नव्हता.

सासू रडायला लागली. मग सगळं आलं. मशीन कसबा बावड्यातच, एका नव्या इमारतीतल्या बंद फ्लॅटमध्ये. मोटारीतून यायचं, पेटीत घालून. पोरीला राज्याच्या सीमेपलीकडं, बाजारातल्या एका दुकानावरच्या खोल्यांत नेलेलं, मुलगा बरोबर. "संध्याकाळी हाय म्हणाले," एवढं तिनं सांगितलं आणि पदरात तोंड घातलं.

साहेबांनी तिकडच्या पोलिसांना फोन लावला. जीपमध्ये मी, एक शिपाई, भाऊ आणि बायको. बाई लागणारच होती. कागलचा नाका ओलांडला. पुढं ट्रक आडवा आला की भाऊ बोटं मोडायचा. शिपाई म्हणाला, "होईल वो पावणं, पोचतोय की." भाऊ म्हणाला, "माझ्या बायकूच्या येळंलाबी डायवर असंच म्हणालावता."

दुकानावरच्या दोन खोल्या. जिन्यात नवरा बसलेला, विडी ओढत. आम्हाला बघून उठला आणि परत बसला. आत खाटेवर पोरगी, हाताला सलाईन. गोळ्या अजून द्यायच्या होत्या. भावाला बघून ती पहिल्यांदा काय म्हणाली तर, "दादा, जेवलायस?"

तिकडच्या पोलिसांसमोर पंचनामा झाला. फ्लॅटमधलं मशीन आमच्या सरकारी डॉक्टरनं जप्त केलं. खटला पुढं बरीच वर्षं चालला. सासू-नवरा साक्षीत फिरले, भाऊ एकटा शेवटपर्यंत टिकला. मशीनवाल्याचं काय झालं ते लिहीत नाही. लिहिण्यासारखं झालं नाही.

संध्याकाळी पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं. बाईडॉक्टरनं मशीन लावलं, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आधी तपासलं तेव्हा वार खाली आहे म्हणून सांगितलं नाही कुणी?"

"न्हाय. सासूला म्हणाले, पोरगी हाय. बास."

डॉक्टर म्हणाली, त्या दोन खोल्यांत हात घातला असता तर रक्त थांबलं नसतं. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करायचं. ते तसंच झालं पुढं, ऑपरेशन करून. मुलगी. दोघी वाचल्या.

भाऊ भिंतीला टेकून खाली बसला. त्याच्या डोंगरात मशीन नव्हतं म्हणून बायको मेली. खाली उसाच्या गावात मशीन दारात आलं, ज्यासाठी ते केलंय ते बघितलंच नाही, आणि बहीण मरणार होती. एकाच जिल्ह्यातलं हे. अंतर दीड तासाचं. मी बरेच दरोडे, खून बघितले. पण कोण काय बघायला मशीन लावतो, यावर माणूस जगतो-मरतो, हे मला त्या केसनं दाखवलं. आणि चौकशी कुठनं सुरू करायची तेही.

घरी जाताना मी बायकोला विचारलं, "तवा... आपलं काय होतं?"

"मला कुठं सांगितलं? आत्तीबाईंना ठावं, तुमच्या आईला. तुम्ही इचारलं न्हाय, मी समजलो, तुम्हालाबी ठावंच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या यष्टीनं मी गावाकडं गेलो. आई अंगणात दात घासत होती. मी अंगावर वर्दी तशीच ठेवली होती.

"आई, हिच्या तिसऱ्या येळंला मशीनवर काय सांगितलंतं?"

"मला काय आठवतंय बाबा आता."

तीस वर्षं जबाब घेतलेला माणूस आहे मी. ज्याला खरंच आठवत नाही, तो आधी थोडा थांबतो, आठवून बघतो. आई थांबली नाही.

मी चहा न घेता उठलो. दहाच्या हजेरीला ठाण्यात होतो.