जमिनीखालचा एक तास

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्याच उन्हाळ्यात मी लातूर सोडलं. स्टेशनात पलीकडच्या रुळांवर पाण्याची गाडी रिकामी होत होती. अलीकडं आण्णा, माझे वडील, माझी बॅग धरून उभे होते. धाकटी संगीता रडत होती. मला माल्टा नावाच्या बेटावर, एका वृद्धाश्रमात नर्सची नोकरी लागली होती.

"तिथं काय काय बघण्यासारखं हाय ते बघ, अन मला सांग," आण्णा एवढंच बोलले.

बघण्याचा नाद त्यांचाच. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ते कलेक्टर कचेरीत शिपाई म्हणून लागले. आपल्या जिल्ह्यात काय काय आहे ते आपल्याला ठाऊक पाहिजे, म्हणून पुढं सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघी बहिणींना घेऊन एसटीनं निघायचे. औशाचा किल्ला, खरोशाची लेणी.

माल्ट्यात मी दर रविवारी त्यांच्यासाठीच हिंडले. निळ्याशार पाण्यातल्या गुहा, समुद्रकाठची दगडी देवळं, सगळं फोनवर दाखवलं. म्दिना नावाचं तटबंदीतलं जुनं गाव दाखवलं, तर म्हणाले, "मदिना? ते तर अरबस्तानात हाय न?" इथं नदीच नाही, समुद्राचं पाणी गोडं करून पितात, हे मात्र त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. घरी तेव्हा आठ दिवसांआड टँकर यायचा.

मग मी त्यांना जमिनीखालच्या दफनभूमीबद्दल सांगितलं. हजारो वर्षांपूर्वी खडकात कोरलेली, तीन मजली.

"खरोशासारखंच की! बघून ये," ते म्हणाले. तिकीट बरंच आधी काढावं लागलं.

आत फोन नेता येत नाही, बाहेर कपाटात ठेवावा लागतो. आत अंधार होता, छतावर तांबड्या रंगाची नक्षी. हे आण्णांना कसं सांगायचं, याचे शब्द जुळवत मी फिरत होते. बाहेर येऊन बघते तर संगीताचे चौदा मिस्ड कॉल.

"आण्णा गेले," ती म्हणाली. "छातीत कळ आली. फोन का उचलला न्हाईस?"

"मी... ते भुयार बघायला गेले होते."

तिनं फोन ठेवला.

माझं इथलं राहण्याचं कार्ड अजून हाती आलं नव्हतं. गेले असते तर परत येता आलं नसतं. मी गेले नाही. आण्णांच्या शेवटच्या अंघोळीला गल्लीतल्या घराघरातून एकेक घागर पाणी आलं, असं शेजारच्या काकूंनी कळवलं. अग्नी संगीतानं दिला. नंतर वर्षभर ती माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या वर्षी मी रेणापूरला, संगीताच्या सासरी गेले. तिसऱ्या दिवशी, भाकरी थापता थापता ती आपणहून म्हणाली, "मी फोन लावून लावून थकले, तर आण्णा म्हणले, नको लावू. आज ती त्या भुयारात गेली आसंल. बघू दे तिला."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मला तुझा लई राग आला होता, ताई. आजबी हाय."

आता माल्ट्यात बरीच वर्षं झाली. इथं सगळे माझ्याशी गोड बोलतात, कुणाचं माझ्याबद्दल काही म्हणणं नाही. घर कुठं, असं कुणी विचारलं की मी रेणापूर सांगते. माझ्यावर रागावलेलं माझं माणूस तिथं आहे.