लोहाऱ्याचा समुद्र

सोलापूरहून मोटार सुटली तेव्हा माझ्या पिशवीत एक भिंग, लिंबाच्या रसाची शिशी आणि एक संपूर्ण समुद्र होता. समुद्र मला मी शिकवतो त्या शाळेतच मिळाला होता. आमच्या उर्दूच्या शिक्षकांनी हैदराबाद संस्थानातल्या लोहाऱ्याच्या कचेरीतल्या पेशकारांचे (अधिकाऱ्यापुढे कागद ठेवणाऱ्या कारकुनाचे) पत्र वाचून दाखवले : बसप्पाच्या विहिरीत दोन काळ्या खडकांमध्ये शिंपल्यांची माती लागली आहे, ‘दर्याची’ दिसते, जाणकाराने मत कळवावे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी भूगर्भशास्त्र शिकू लागलेल्याला जाणकार कोण म्हणतो? मी तीन पाने लिहिली : खोल समुद्राच्या तळाशी सूक्ष्म कवचे आणि चिखल कणाकणाने कसे साचतात, उतारावरून गाळ घसरून दूर कसा पसरतो, भाराने त्याचा खडक होतो आणि पृथ्वीच्या पोटातल्या हालचाली तो वर कसा उचलतात. शेवटी संकोचाने ‘खाली समुद्राचे अवशेष संभवतात’ असे लिहिले. संकोच टपालात गळाला असावा. शनिवारी याच विषयावर शाळेत माझे पहिले व्याख्यान जाहीर झाले होते.

करोडगिरीच्या नाक्यावर (जकातनाक्यावर) शिपायाने शिशी धरली.

“हे प्यायला?”

“नाही, दगडाला पाजायला. चुनखडी फसफसते.”

त्याने स्वतः एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि मला सोडून दिले.

लोहाऱ्याला बैलगाडीतून उतरलो. बसप्पा वाट पाहत होता.

“तुमीच का ते समुद्रवाले मास्तर? तुमच्या कागदापायी माझी विहीर बंद हाय. कचेरी म्हनती, खालनं खारं पानी येईल, रान नासंल. उन्हाळा तोंडावर हाय, बैलं कुठं पाजू?”

तरीही त्याने मला ज्वारीची भाकरी आणि शेंगांची चटणी खाऊ घातली, त्यामुळे जास्तच ओशाळलो.

दोर धरून विहिरीत उतरलो. राखी मातीतले शिंपले भिंगाशिवाय दिसत होते. बसप्पाने एक तळहातावर घेतला.

“असल्या गोगलगाई तर आमच्या तळ्यात पायाला लागत्यात.”

म्हणजे हे गोड्या पाण्यातले जीव; माझा समुद्र तिथेच आटला. निवलेल्या लाव्ह्यावर पूर्वी एखादा ओढा वाहिला, गाळ साचला आणि पुढच्या लाव्ह्याने तो झाकला. एवढेच.

बसप्पाला घेऊन कचेरीत गेलो आणि हे सांगितले, तेव्हा पेशकार मनापासून हसले.

“अहो मास्तर, उर्दूत दर्या म्हणजे नदी! समुद्राला आम्ही समंदर म्हणतो.”

“मग विहीर का थांबवली?”

“तुम्ही विद्वान. तीन पानं लिहिली. आम्हाला वाटलं, असेलही.” ते गंभीर झाले. “आता समुद्र मिसलीत (फायलीत) चढलाय. तो हटवायला हैदराबादचा हुकूम लागेल. नदी मात्र आमच्या अखत्यारीत आहे.”

“मग नदी करा की साहेब!” बसप्पा म्हणाला.

“मास्तरांनी लिहून दिलं तर. समुद्र नव्हताच, समजूत चुकली, खाली सही.”

शनिवारच्या सभेतली भरलेली बाके डोळ्यांपुढे आली. मग बैलांची दावण आली. मी लिहून दिले. या वेळी एकच ओळ पुरली. दुपारी विहिरीवर पुन्हा पहारी वाजू लागल्या.

शनिवारी मी ‘दर्या’ या एका शब्दावर बोललो. लोक हसले, आणि आश्चर्य म्हणजे शेवटपर्यंत बसले. समुद्रतळाशी गाळाचा पातळ थर साचायला युगे लागतात, असे मी वाचले होते. माझ्या तीन पानांनी एका टपालात अख्खा समुद्र साचवला.

महिन्याभराने बसप्पाचे, कुणाकडून तरी लिहवून घेतलेले, कार्ड आले : “पानी लागलं. आधी म्या चाखलं, मग बैलांनी. गोड हाय. पेशकारसाहेबाला कळवा, न्हाय तर ते पुन्ना तुमालाच विचारतील.”