कुलूप तोडणारा भाऊसाहेब

मंगलच्या कॉम्प्युटरवरचा एकही फोटो उघडेना. मंगल माझी सून, राहात्याला लग्नाचे अल्बम बनवते. समोर एक मुलगी बसली होती. तिच्या लग्नानंतर पंधरा दिवसांत तिचे वडील गेले. त्यांचे शेवटचे फोटो त्या मशीनमध्ये होते. आणि ज्यानं हे करून ठेवलं, तो माझ्या नणंदेचा मुलगा भाऊसाहेब फोनवर हसत होता. "मामी, व्हायरस घुसला आसंल. समदं पुसून नवं टाकू की!"

भाऊसाहेब शिंगणापूरचा. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. स्कूटरवरून उतरायच्या आधीच "चहा टाका" म्हणून ओरडायचा. खिशात पाच-सहा पेनड्राइव्ह, रबर लावून बांधलेले. अल्बमचं सॉफ्टवेअर त्यानं त्यातल्याच एकातून टाकून दिलं होतं. पैसे भरल्याशिवाय चालू नये म्हणून बनवणाऱ्यानं घातलेलं त्याचं कुलूप त्यानं तोडलेलं.

"हे कुणाचं रे?" मी तेव्हाच विचारलं होतं.

"मामी, आमच्या गावात घराला कडी न्हाई, आन ह्या डबड्याला कुलूप कशाला?"

"तुझ्या गावात कुणी दुसऱ्याचं उचलत नाही म्हणून कडी नाही. तू उचलतोस आणि वर गावाचं नाव सांगतोस?"

"तुमी चौथी शिकलेल्या. तुमाला न्हाई कळायचं."

मंगलनं सांगितलं आणि मला कळलं. सॉफ्टवेअर विकत घेतलं तरी ते आपलं होत नाही, वापरायची परवानगी तेवढी मिळते. एसटीच्या पाससारखं. पास आपल्या नावाचा, गाडी आपली नव्हे. कुठली परवानगी एकाच मशीनपुरती, कुठली वर्षापुरती. काही बनवणारे तर आपणहून फुकट वापरा म्हणतात. अल्बमचं तसलंही एक निघालं. भाऊसाहेबाला ते माहीत होतं. पण ते सांगितलं असतं तर त्याला चहा कुणी पाजला असता?

व्हायरस त्या कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरमधूनच आला होता; त्यात काय आहे, हे भाऊसाहेबानं स्वतःही कधी पाहिलं नव्हतं. मला त्याच्या चोरीपेक्षा त्या उपकार केल्यासारख्या तोंडाची जास्त किळस आली. "आत्ता येतो," फोनवरचं हसणं झाल्यावर म्हणाला आणि फोन बंद करून बसला. पुढं महिन्यानं आला, तेव्हा मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला.

त्या दिवशी मुलीनं मंगलला विचारलं, "काकू, बाबांचा एक तरी फोटो निघंल का वो?"

"नाही निघणार," हे तिच्या तोंडाकडं बघून मंगलला सांगावं लागलं. भाऊसाहेबाला नाही.