चर्चमधली पहिली गिटार

गिरणी संपाच्या पुढच्या वर्षी परळच्या इस्पितळात माझ्या वडिलांच्या शेजारच्या खाटेवर एक ख्रिस्ती गृहस्थ होते. पडल्यापडल्या त्यांची बोटं चादरीवर गिटार वाजवायची. एका संध्याकाळी त्यांच्या चर्चचे म्हातारे पाळकसाहेब भेटायला आले, तेव्हा ट्रान्झिस्टरवर ख्रिस्ती कार्यक्रम चालू होता. चर्चमध्ये पहिल्यांदा रॉक संगीत वाजवणाऱ्या तरुणांची निवेदक आठवण काढत होता. "मंडळीने त्यांना प्रेमाने जवळ केलं," तो म्हणाला.

गृहस्थांची बोटं थांबली. "पाळकसाहेब, गिटार वाजवली म्हणून तुम्ही तर मला भर उपासनेतून हाकललं होतं."

पाळकसाहेब ताडकन उठले. आता भांडण होणार, असं मला वाटलं. पण त्यांनी रेडिओ बंद केला. "हा सांगतोय ते खोटं आहे. रविवारी मी मंडळीसमोर खरं सांगेन."

"मग मला न्यायला या," गृहस्थ म्हणाले. "मी पुढच्या बाकावर बसणार."