डाव्या पायाचे बूट

शालन, आम्ही पुणतांबा सोडलं त्या सकाळी तू टेम्पोपाशी उभी होतीस, हातात दशम्यांचं गाठोडं घेऊन. "आक्का, घराकडं मी बघते, तुमी काळजी करू नका," म्हणालीस. मी विशालच्या कुबड्या धरून बसले आणि तुझ्याकडं नीट बघितलंही नाही. रागात होते गं. तुझ्यावर नव्हे, गावावर.

सीमेवर सुरुंगानं माझ्या लेकाचा डावा पाय गुडघ्याखाली नेला, हे सगळ्यांना ठाऊक. पण भेटायला येणारे ओट्यावर मान खाली घालून बसायचे, चहा नको म्हणायचे आणि उठताना 'येतो' न म्हणता निघायचे. अगं, मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. इथं पोरगा आत जिवंत, भाकरी खात बसलेला. मला ते इतकं झोंबलं की नवा पाय बसवायला पुण्याला जायचं निघालं, तेव्हा मीच म्हणाले, सगळेच जाऊ.

पुण्यात दोन खोल्या घेतल्या. हे दिवसभर गॅलरीत बसून फोनवर धाकट्या भावाशी, तुझ्या नवऱ्याशी, पेरूच्या बागेचं बोलायचे, पोराच्या पायाबद्दल चकार शब्द नाही. विशाल न्हाणीत गेला की मी दाराला कान लावून उभी. डोळ्याला डोळा लागत नव्हता. जो तो विचारायचा, विशाल कसाय? मी कशी आहे, हे विचारायचं मलाही कधी सुचलं नाही.

मग पाय बसवायची वेळ आली. तिथल्या कारागिरानं सांगितलं, रोजच्या वापरातले बूट जोडीनं आणा, टाचेच्या उंचीवर पाय बेतावा लागतो. ह्यांनी ट्रंक उघडली. तीन बूट निघाले, तिन्ही उजवे.

"अगं, डावे कुठं हायेत?"

मी ट्रंकेचं झाकण लावून घेतलं. शेवटी सांगितलं. विशाल दवाखान्यातून घरी यायच्या आदल्या दिवशी, त्याच्या नजरेला पडू नयेत म्हणून मी डावे बूट पिशवीत घालून घाटावर नेले आणि गोदावरीत सोडले. वर फुलं टाकली, हात जोडले. गावाला नावं ठेवणारी मी, मीच सगळ्यांच्या आधी क्रियाकर्म उरकून बसले होते.

विशालनं एक उजवा बूट उचलला. मग हसायला लागला. "आई, निदान नवा जोड तरी ठेवायचा हुता."

मी मात्र रडले. विशाल फौजेत भरती झाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "शिपायाच्या आईनं डोळ्यांतून पानी काढू नये." तेव्हापासूनचं सगळं बाहेर आलं. ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं, पण खांदे हलताना दिसत होते.

विशालनं आम्हाला दोघांनाही धरलं. म्हणाला, "तुमी माझ्यापुढं कधी रडलाच न्हाई. मला वाटायचं, मी आपल्याच घरात पाव्हना हाय."

दुसऱ्या दिवशी तिघं जाऊन नवे बूट आणले. रंगावरून बापलेकांची वादावादी झाली, मला ऐकून बरं वाटलं.

तू फोनवर विचारतेस, घरी कधी येणार? पेरू उतरायला येऊ की. मला तुझी आठवण येते, तुझ्याशी भांडायचीही येते. पण घर म्हणशील तर सध्या ते इथं आहे. विशाल एकटा जिना उतरून जातो, मी मागं जात नाही. दुपारी म्हणतो, "आई, पड जरा. मी हाय." आणि खरं सांगते शालन, मला झोप लागते.