कवळीकाकांच्या घरचे जावईबापू

माझे धाकटे काका माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायचे. तोंडाकडे म्हणजे चेहऱ्याकडे नव्हे, आतल्या दातांकडे. कुणी रडत मयताची बातमी सांगायला आला, तरी त्याची खालची दाढ हलतेय हे काकांना आधी कळायचं आणि गेलं कोण ते मागाहून काकूला विचारावं लागायचं. दंतवैद्यांकडून येणाऱ्या मापांवरून कवळ्या बनवायचा त्यांचा धंदा होता. घराच्या पुढच्या खोलीतच काम चालायचं. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे मांडलेले, टेबलावर गुलाबी मेणाच्या पट्ट्या, कोपऱ्यात घासायची मोटर आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. आम्ही शेजारच्याच घरात राहायचो. सगळी गल्ली त्यांना कवळीकाका म्हणायची आणि ते ओ द्यायचे.

काकूचा स्वभाव असा की तिला राग आला, तर ती तो सांगणार नाही. भांडी जरा जोरात ठेवेल, पाठ करून बसेल, विचारल्यावर "काही नाही" म्हणेल. हे 'काही नाही' मला दोन भिंतींपलीकडून कळायचं. काका मात्र तिच्यासमोर उभे राहून प्रामाणिकपणे विचारायचे, "अक्कलदाढ दुखतेय का गं?"

अशा घरात ससा आला. त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. तिथल्या खोलीत जनावर ठेवायला परवानगी नव्हती. आदल्या संध्याकाळी तिने शिकायला बाहेर असताना पाळलेल्या सशाचा पिंजरा पुढच्या खोलीत आणून ठेवला, "थोडेच दिवस हं, बाबा," म्हणाली आणि सकाळी गेलीसुद्धा. ससा राखाडी, गुबगुबीत आणि चेहऱ्यावर कायम कसली तरी तक्रार असलेला. ताईने त्याला ठेवलेलं नाव काकूने पहिल्याच आठवड्यात रद्द केलं.

"मुलीने पसंत करून आणलाय, आयतं बसून खातो आणि जरा कुठे कमी पडलं की रुसतो," काकू म्हणाली. "याला जावईबापू नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

काकांना जावईबापू आवडले ते अर्थातच दातांमुळे. वरच्या दोन दातांच्या मागे आणखी दोन बारके दात असतात, हे कळल्यावर ते दोन दिवस भेटेल त्याला तेच सांगत सुटले. मग त्यांना कळलं की सशाचे दात हयातभर वाढत राहतात. "म्हणजे याला कवळी कधीच लागणार नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं, पण धंदा बुडाल्याची थोडी हळहळही होती.

आता एवढे दात बघायचे म्हणजे तोंड उघडायला हवं. काका जमिनीवर उकिडवे बसले आणि हात पुढे केला. जावईबापूंनी कान मागे पाडले, शेपटीचा गोंडा उभा केला, अंग ताठ केलं आणि घशातून गुरगुरले. मी दारातून ओरडले, "काका, तो चिडलाय!"

"छे गं, तोंड उघडतोय बघ," काका म्हणाले. तोंड उघडलं हे खरंच. ते बंद झालं तेव्हा मधे काकांचं बोट होतं.

त्यानंतरही ते सुधारले नाहीत. घासायची मोटर सुरू झाली की जावईबापू मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटायचे. काकांना वाटलं, याला तालाचं अंग आहे. मग तेही मोटर थांबवत, चालू करत त्याला साथ द्यायला लागले. मोकळं सोडलं की तो खालच्या फळीवरच्या जबड्यांवर हनुवटी घासत हिंडायचा. काकांनी निदान केलं, हनुवटीला खाज आहे. आणि सगळ्यात काकांचं आवडतं म्हणजे ते उभे राहिले की जावईबापू त्यांच्या पायांभोवती गोल गोल धावायचे आणि हलक्या आवाजात घुमायचे. "माणसाची किंमत जनावराला कळते," हे वाक्य त्या दिवसांत काका काकूच्या दिशेने बरेचदा टाकायचे.

हे सगळं निस्तरलं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी. नखं कापायला काका आणि काकू सशाला घेऊन गेले तेव्हा टोपली धरायला मीही होते. बाई तरुण, बोलायला फटकळ. काकांनी मोठ्या अभिमानाने सगळ्या लीला सांगितल्या. बाई ऐकत होत्या, ओठ दाबून.

"पाय आपटतो ना, तो ताल नाही, काका. धोका आहे, पळा, असं सांगतोय तो. तुम्ही मोटर चालू-बंद करून त्याला दिवसभर घाबरवताय."

काकांचा चेहरा पडला. "आणि हनुवटी?"

"तिथे ग्रंथी असते. ज्यावर घासेल ते माझं, असा शिक्का मारतो तो."

म्हणजे अर्ध्या गावाच्या बत्तिश्या जावईबापूंनी स्वतःच्या नावावर करून घेतल्या होत्या.

"आणि पायांभोवती फिरतो ते?" काकांनी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. "ते तर आदराने ना?"

बाई काकूकडे वळल्या. "कसं सांगू, काकू... तो वयात आलेला नर आहे. तो यांच्या प्रेमात पडलाय."

काकू एवढी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. घरी येईपर्यंत ती मधूनच थांबायची, काकांच्या पायांकडे बघायची आणि पुन्हा सुरू व्हायची. "तरी मी म्हणते, अहो, या वयात तुमच्यावर कोण एवढं लट्टू झालंय!" पुढे जावईबापूंचं ते छोटं ऑपरेशन झालं आणि प्रेमाचा बहर ओसरला. टाके सुकेपर्यंत काका त्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

बाईंच्या सांगण्यावरून काकांनी मोटर मागच्या पडवीत हलवली. खाली बसून, हात न घालता, सशाला आपल्याजवळ येऊ द्यायलाही ते शिकले. एके दिवशी जावईबापू आले आणि काकांसमोर डोकं जमिनीला टेकवून बसले. काका गहिवरले, "बघ, नमस्कार करतोय." मी म्हणाले, "नाही हो, डोकं चेपून द्या म्हणतोय. हुकूम आहे तो." काकांनी निमूटपणे कपाळ चोळायला सुरुवात केली. थोड्या वेळाने सशाचे डोळे मिटायला लागले आणि दातांचा बारीक, मऊ कटकट आवाज यायला लागला. बाईंनी फोनवर सांगितलं की हा सुखाचा आवाज. झालं! दातांची भाषा! काकांना वाटलं, परीक्षेत शेवटी आपल्या अभ्यासातला प्रश्न आला. बाकीचा ससा त्यांनी ऑप्शनला टाकला.

आणि तिथेच घोटाळा झाला.

एका सकाळी काकू पालक घेऊन गेली तर जावईबापू कोपऱ्यात अंगाचा गोळा करून बसलेले. एरवी पालक दिसला की चौखूर धावणारा प्राणी, पण त्याने नाक वळवलं. काका शेजारीच बसले होते, खुशीत.

"दात वाजवतोय सकाळपासून," ते म्हणाले. "मजेत आहे एकदम."

काकू वाकली. नीट बघत राहिली. "मजेत?" ती म्हणाली. "पाठ बघा कशी कमानीसारखी काढलीय. पोट जमिनीला टेकू देत नाहीये. डोळे मिटलेले नाहीत, आवळलेत. आणि पिंजऱ्यात रात्रीपासून एक लेंडी नाही. अहो, हा दुखणं गिळून बसलाय!"

"पण दात तर..."

"दात दुखण्यानेही वाजतात! ते जोरात वाजतात. ऐका तरी जरा!"

काकांनी कान दिला. खरंच तो मऊ आवाज नव्हता. करकर होती, कुणी दातओठ खाऊन कळ सोसावी तशी. काकांच्या हातातली मेणाची पट्टी खाली पडली.

ससा टोपलीत, काका मागे आणि काकू स्कूटर चालवतेय अशी वरात दवाखान्यात पोचली. मी सायकलने मागोमाग. बाईंनी पोट चाचपलं, पोटाला नळी लावून ऐकलं. आतडं जवळजवळ बंद पडलं होतं, गॅस धरला होता. "ससा दुखणं लपवतो," बाई म्हणाल्या. "तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं. कुणाच्या लक्षात आलं?"

काकांनी काकूकडे बोट दाखवलं. इंजेक्शन झालं, सलाइन झालं, पिचकारीने पातळ खाणं भरवायचं शिकून झालं. घरी आल्यावर काका पिंजऱ्याशी बसून राहिले. दुपारी पहिली लेंडी पडली तेव्हा ते असे धावत आमच्याकडे आले की माझ्या आईला वाटलं ताईचं लग्न ठरलं.

त्या दिवशी ते काकूला म्हणाले, "तुला कसं गं कळलं?"

"त्यात काय कळायचंय," काकू म्हणाली. "मीही तशीच बसते."

त्यानंतर काका बघायला लागले. आधी सशाकडे, कानापासून शेपटीपर्यंत. तो धपकन कुशीवर कोसळला की मेला नाही, निवांत झालाय. मधेच उंच उडी मारून हवेतच अंगाला पीळ दिला की स्वारी बेहद्द खूश. मग काकूकडे. हा काळ काकूला फार जड गेला. ती भाजी चिरत असली तरी हे दारातून तिच्या पाठीचं निरीक्षण करत उभे.

"तू पाठ फिरवलीस," ते एकदा म्हणाले. "म्हणजे तुझा माझ्यावर राग आहे."

"ओटा त्या बाजूला आहे म्हणून पाठ फिरवली! मी ससा आहे का?"

"मग नाही ना राग?"

काकूने सुरी खाली ठेवली. "आहे," ती म्हणाली. आणि कशाबद्दल तेही सांगितलं. बरीच यादी निघाली. काका ऐकत उभे राहिले आणि तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही दाढेचा विषय काढला नाही.

पुढे थंडी सरता सरता ताई न कळवता आली. बॅग दारातच टाकून पिंजऱ्याकडे धावली. जावईबापूंनी तिला हुंगलं, गर्रकन वळले, तिच्या तोंडावर मागचे पाय झटकले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"विसरला मला," ताई म्हणाली.

"विसरला असता तर हुंगून आपल्या कामाला गेला असता," काका म्हणाले. "ओळखलंय म्हणून पाठ दाखवतोय. बस खाली. बोलू नकोस, हात लावू नकोस."

ताई बसली. काका तिच्याकडे बघत होते. तिचे खांदे पुढे आले होते. पर्स तिने पोटाशी घट्ट धरली होती, काढून ठेवायचंही सुचलं नव्हतं.

"नोकरीवर काही झालंय का?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

काकांना आता 'काही नाही'चा अर्थ कळत होता. ते गुडघे मोडत खाली बसले, तिच्यापासून थोडे लांब. बऱ्याच वेळाने ताई बोलायला लागली. वरिष्ठ बाई सगळ्यांसमोर अपमान करायची, जेवताना शेजारी कुणी बसायचं नाही. बोलता बोलता ती रडली. मधेच कधीतरी जावईबापू सरकत आले आणि तिच्या चपलेवर हनुवटी घासून गेले.

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली तर तिघं जमिनीवर. "हे बरंय," ती म्हणाली. "म्हणजे आता सगळ्यांनाच पालक टाकू का?" पण बोलता बोलता तीही ताईला चिकटून बसली.

ताईने ती नोकरी सोडली. महिनाभर घरी राहिली आणि मग त्याच शहरात दुसऱ्या कचेरीत लागली. तिथे तिला जेवायला सोबत आहे. ससा घेऊन जायचा विषय तिने काढला नाही, काकांनी काढू दिला नाही. परवाच जावईबापूंनी नव्या फ्रिजची वायर कुरतडली. काकू म्हणते, फ्रिज चालू नव्हता हे जावईबापूंचं नशीब आणि बाकी सगळं आमचं.